हत्ती आता…

"सावधान श्रोतेहो, हत्ती आता…"

एवढं बोलून रेडिओ गप्प झाला.

स्टुडिओत आम्ही तिघं होतो. माइकपाशी रेहाना मुजावर. मघाचा आवाज तिचा होता, संध्याकाळी आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला. दारात शालनताई रेडेकर, आमच्या केंद्राच्या प्रमुख, पूर्वाश्रमीच्या मुख्याध्यापिका. आणि संगणकासमोर मी, उमाकांत मगदूम, बी. ई. कॉम्प्युटर, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. डिस्टिंक्शनचा उल्लेख त्या काळी मी नावाला जोडूनच करत असे, म्हणून इथंही केला.

"परत?" शालनताईंनी विचारलं.

"दोन मिनिटं, ताई."

मी प्रक्षेपणाचा प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. आमची सुरुवातीची धून वाजली, त्यातली बासरी नेहमीप्रमाणे जरा बेसूर झाली, आणि मग रेहानाचा स्वच्छ आवाज आला, "नमस्कार, ऐकूया आजची हत्तीवार्ता. सावधान श्रोतेहो, हत्ती आता…"

पुन्हा शांतता.

"उमाकांत," रेहाना म्हणाली, "माझा आवाज हत्तीपाशीच का अडतो रे?"

"व्होल्टेज," मी म्हणालो.

तिसऱ्या खेपेला तो 'सावधान श्रो' इथंच थांबला. बाहेर पंचवीस-तीस गावांत लोक रेडिओला कान लावून बसले होते, आणि त्यांना गेली दहा मिनिटं एवढंच ऐकू येत होतं की सावध राहा, हत्ती आता… आणि मग काही नाही.

आमचं साळगुंडी घाटमाथ्यावरचं गाव. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला काजूच्या बागा आणि त्यांच्या पाठीमागे जंगल. त्या जंगलात पलीकडच्या राज्यातून एक हत्ती आला आणि परत गेलाच नाही. लोक त्याला नावानं हाक मारत नसत, 'पावणं' म्हणत. पावणं काल खोराट्यांच्या उसात होतं. पावण्यानं परवा टाकीचा नळ सोंडेनं उपटला. हसून बोलायचे, पण पाठ फिरली की सगळ्यांचे कान जंगलाकडे असत, कारण आदल्या वर्षी त्यानं एका मोटारसायकलीचा पापड केला होता आणि स्वाराला उसात उडी टाकावी लागली होती.

म्हणून शालनताईंनी हत्तीवार्ता सुरू केली. वनरक्षक संध्याकाळी फोन करून सांगायचा, हत्ती कुठं आहे. ते सातला आमच्या रेडिओवर यायचं. दुधाची गाडी, शिकवणीची पोरं, गुऱ्हाळावरचे गडी, सगळे त्यावर आपली वाट ठरवायचे. सगळ्यांत जास्त गरज होती काजू कारखान्यातल्या बायकांना. कारखाना देवकोंडच्या वळणावर, आमच्या केंद्रापासून फार लांब नाही. सातला सुटी झाली की घरी यायला दोन वाटा. एक डांबरी, वळसा घालून येणारी. दुसरी ओढ्यातून, झाडीमधून, निम्म्या अंतराची. बायका आधी बातमी ऐकायच्या आणि मग वाट धरायच्या. त्या बायकांत माझी आई होती. ती काजूची प्रतवारी करायच्या टेबलाची मुकादम होती.

मी तिथं कसा आलो? पुण्याच्या कंपनीनं मला वर्षभरात घरी पाठवलं. गावात मात्र मी कंपनी सोडली असं सांगत होतो. बंगळुरूहून बोलावणं येईपर्यंत, तात्पुरतं म्हणून, मी शालनताईंच्या रेडिओत लागलो. मी येण्याआधी रेहाना माइकसमोर बसून थेट बोलायची आणि गाणी सीडीवरून लावायची. मला ते फार मागासलेलं वाटलं. महिन्याभरात मी सगळं संगणकावर नेलं. माइकसुद्धा. शिपायानं बेल वाजवली तरी ती आधी संगणकातून जाईल अशी माझी व्यवस्था होती.

या सगळ्याच्या डोक्यावर मी लिहिलेला एक प्रोग्रॅम होता. त्याचं नाव मी 'कारभारी' ठेवलं होतं. सकाळी संगणक सुरू झाला की कारभारी उठायचा आणि बाकीच्यांना कामाला लावायचा. प्रक्षेपण करणारा प्रोग्रॅम त्यानंच सुरू केलेला. गावागावांतून लोक फोनवर आवाजी निरोप ठेवायचे. म्हैस हरवली, हत्ती दिसला, पुतण्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. प्रत्येक निरोपातली खरखर काढायला कारभारी एकेक वेगळं काम जन्माला घालायचा.

एकदा हत्ती थेट आठवडी बाजारात आला. एका तासात एवढे निरोप आले की कारभाऱ्यानं तितकीच कामं जन्माला घातली, त्यांनी मिळून संगणकाची सगळी मेमरी खाल्ली, आणि रेडिओ बसला. त्या दिवशी मला माझ्या बायोडेटात घालायला एक ओळ सापडली.

चहाच्या टेबलावर मी रेहानाला समजावून सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं.

"पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत 'रिसोर्स' नावाची लायब्ररी आहे. तिच्यातून ऑपरेटिंग सिस्टीमला सांगता येतं की अमुक कामानं एवढीच मेमरी खायची, प्रोसेसरचा एवढाच वेळ घ्यायचा. घड्याळाचा वेळ नाही हं, प्रत्यक्ष राबण्याचा वेळ. तासभर नुसतं बसून राहिलं तर ते मोजत नाहीत."

"आणि जास्त खाल्लं तर?"

"मेमरी जास्त मागितली तर देत नाही. वेळ जास्त घेतला तर मारते."

"न सांगता?"

"दोन मर्यादा असतात. एक मऊ, एक कडक. मऊ ओलांडली की आधी इशारा. कडक ओलांडली की खेळ खलास. आणि कडक मर्यादा एकदा खाली आणली की साध्या कामाला ती पुन्हा वर नेता येत नाही. मी दोन्ही एकच ठेवल्यात."

"मग इशारा कुठं राहिला?"

"इशारे देत बसलं तर शिस्त लागत नाही," मी म्हणालो.

रेहानानं बशीतला चहा संपवला आणि ती म्हणाली, "तू घरी पण असाच बोलतोस काय रे?"

मी प्रत्येक कामाला प्रोसेसरचा दहा मिनिटांचा वेळ दिला. भरपूर होता. निरोप साफ व्हायला काही सेकंदच लागत. निरोप सुरळीत यायला लागले, मी खूश झालो आणि बायोडेटा बंगळुरूला पाठवून दिला.

मग संध्याकाळी रेडिओ बंद पडायला लागला.

रोज नाही, पण दिवस मावळताना कधीतरी. सकाळपासून चांगला गाणारा रेडिओ एकदम मुका व्हायचा. पुन्हा सुरू केला की दुसऱ्या दिवसापर्यंत काही होत नसे. मी कारणं शोधायला लागलो, आणि कारणं शोधण्यात माझा हात कुणी धरला नसता. आधी उंदीर. मी स्टुडिओत सापळे लावले आणि त्यात शिपायाचा अंगठा सापडला. मग वीज. मी वीज कार्यालयात जाऊन तिथल्या साहेबांना व्होल्टेजवर व्याख्यान दिलं. मग रेहानाचा चहाचा थर्मास, जो संगणकाच्या पेटीवर असायचा.

"थर्मासनं रेडिओ बंद पडतो?" तिनं विचारलं.

"उष्णता," मी म्हणालो.

तिनं थर्मास उचलला आणि तेव्हापासून मला चहा देणं बंद केलं.

त्या दिवशी सातला थोडा वेळ असताना मला खरं कारण सापडलं, म्हणजे सापडलं असं वाटलं. निरोप साफ करणारी कामंच माजलीत. त्यांना दहा मिनिटं देणं हा माझा चांगुलपणा नडतोय. मी दहा मिनिटांवर काट मारली आणि वीस सेकंद लिहिले. मग कारभाऱ्याला बंद करून पुन्हा सुरू केलं. हात झटकले. शालनताईंना जाऊन सांगितलं, "ताई, आता कायमचा बंदोबस्त केलाय."

आणि आता सात वाजून गेले होते आणि रेडिओला 'हत्ती आता' याच्या पुढं जाता येत नव्हतं.

चौथ्यांदा सुरू करत होतो तेव्हा बाहेरून आवाज आला. आधी वाटलं लग्नाची वरात असेल. हलगी कडाडत होती, पत्र्याचे डबे वाजत होते. मग सुतळी बॉम्ब फुटला आणि खिडकीची काच थरथरली.

शालनताईंनी पडदा बाजूला केला. केंद्रासमोरच्या मोकळ्या जागेत निम्मं गाव जमलं होतं. हातात टेंभे, बॅटऱ्या, काठ्या. एकानं खांद्यावर नांगराचा दोर टाकला होता. त्याचं तो काय करणार होता ते त्यालाच ठाऊक. सगळ्यांच्या पुढं सरपंच दत्तू खोराटे, डोक्याला टॉवेल गुंडाळून.

"मॅडम!" ते ओरडले. "घाबरायचं न्हाई! मागल्या दारानं हळूच बाहेर या!"

शालनताईंनी खिडकी उघडली. "का हो? झालं काय?"

"कुठल्या खोलीत हाय?"

"कोण?"

"पावणं वो! ती पोरगी सांगाय लागली की कोण तरी तिचं तोंड दाबतंय. 'हत्ती आता' म्हणती आन् गप्प हुती. तीन येळा झालं. आम्ही काय दूधखुळं हाय व्हय?"

माझ्या पाठीमागे रेहाना हसायला लागली आणि हसता हसता एकदम थांबली.

"ताई," ती म्हणाली, "यांना वाटलं हत्ती इथं आहे."

"मग?"

"मग कारखान्यातल्या बायकांनापण तेच वाटलं असणार. हत्ती रेडिओ केंद्रात आहे म्हणजे ओढ्याची वाट मोकळी." तिनं माझ्याकडे पाहिलं. "उमाकांत, हत्ती कुठं आहे तुला माहीत आहे?"

संध्याकाळपासून ती बातमी मी निदान सहा वेळा वाजवली होती. आवाजाची पातळी तपासली होती, पडद्यावरच्या लाटा पाहिल्या होत्या, शेवटी जादा शांतता राहिली होती ती कापली होती.

"रेकॉर्डिंगमध्ये आहे," मी म्हणालो.

"तू ऐकलं नाहीस?"

"आवाज ऐकला," मी म्हणालो. "बातमी नाही."

"ओढ्यात आहे," रेहाना म्हणाली. "देवकोंडच्या ओढ्यात. दुपारपासून पाण्यात बसलाय. आणि त्या बायका आता निघाल्या असतील."

आई त्यांच्यात होती, हे मी तिला सांगायची गरज नव्हती आणि तिनंही मला सांगितलं नाही. कारखान्याचा फोन आठवडाभर मेलेला होता आणि त्या वळणावर मोबाइलला रेंज नसे. तिथं पोचत असे ती एकच गोष्ट, आमचा रेडिओ. रेहानानं स्कूटीची किल्ली उचलली.

"कुठं निघालीस?" शालनताई म्हणाल्या. "एकटी?"

"डांबरी रस्त्यानं वळणापर्यंत जाते. दिसल्या तर थांबवते. तोवर तुम्ही काहीतरी बोला. कसंही करून बोला."

ती गेली. गर्दीनं तिला वाट दिली. कुणीतरी "सुटली! पोरगी सुटली!" असं ओरडलं आणि आनंदानं आणखी एक बॉम्ब फुटला.

मी संगणकाकडे वळलो. घाईत पासवर्ड तीनदा चुकला. त्या लायब्ररीत मर्यादा घालायची सोय आहे तशी विचारायचीही आहे. चालू असलेल्या कुठल्याही कामाला विचारता येतं की बाबा, तुला किती मर्यादा आहे? इतके दिवस मी उंदरांना विचारलं, वीज मंडळाला विचारलं, थर्मासला विचारलं, त्या बिचाऱ्या प्रक्षेपणाच्या कामाला कधी विचारलं नव्हतं. ते सुरू करून, मरायच्या आत, मी पहिल्यांदाच विचारलं.

त्यानं दोन आकडे दिले. वीस. वीस.

मर्यादा घालायची ती निरोपाचं काम जन्माला आल्यानंतर, फक्त त्याच्यापुरती. मी ती घातली होती कारभाऱ्याच्या अगदी पहिल्या ओळींत, स्वतः कारभाऱ्यालाच. आणि ज्याला मर्यादा लागते त्याच्या पोटी जन्मणाऱ्या प्रत्येक कामाला ती वारशानं मिळते. निरोपांना मिळाली, तशी रेडिओलाही मिळाली. दहा मिनिटांची मर्यादा होती तेव्हा रेडिओ सकाळपासून जपून जपून ती खर्च करायचा आणि संध्याकाळी मरायचा. आता वीस सेकंदांत तो उठायचा, गाण्यांची यादी वाचायचा, त्यातच बहुतेक जीव घालवायचा, आणि 'हत्ती आता' म्हणत प्राण सोडायचा. मी जितका बंदोबस्त केला तितका तो लवकर मेला.

मी ती मर्यादा जिवंत कामावर वाढवायचा प्रयत्न केला. उत्तर आलं, परवानगी नाही. कडक ती कडक. शिस्त मीच लावली होती.

"ताई," मी म्हणालो, "सापडलं. पण सगळं दुरुस्त करून पुन्हा उठवायला पाव तास लागेल."

"पाव तास नाही आपल्याकडं." शालनताई आवाजाच्या मिक्सरच्या मागं वाकल्या होत्या. पदर कमरेला खोचला होता. त्यांनी माझ्या संगणकातून येणारी वायर उपटली, माइकची वायर शोधली आणि ती तिच्या जागी खुपसली. "तू यायच्या आधी असंच चालायचं. बस आणि बोल."

"मी?"

"मी बाहेर जाऊन त्या लोकांना आवरते. नाहीतर ते छप्पर पेटवतील. बोल!"

त्या गेल्या. मी माइकसमोर बसलो. याआधी मी कधी रेडिओवर बोललो नव्हतो. बोलणाऱ्यांना मी मनातून जरा कमीच लेखत असे. समोर लाल दिवा लागला होता आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मला आजही शब्दशः आठवतं, कारण पुढं गावानं मला ते विसरू दिलं नाही.

"प्रिय श्रोतेहो, काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे आपल्या प्रक्षेपणात व्यत्यय आलेला आहे. संगणकीय प्रक्रियांच्या साधनसामग्रीवर घालण्यात आलेल्या मर्यादांचे अनपेक्षितरीत्या…"

बाहेर हलगी थांबली होती. लोक दाराशी जमून मोबाइलवरच्या रेडिओत मला ऐकत होते आणि खिडकीतून मला पाहत होते. दत्तू खोराट्यांनी शेजारच्याला विचारलेलं मला ऐकू आलं, "काय म्हंतंय ते?" शेजारी म्हणाला, "काय तरी इंग्लिश."

"…अनपेक्षितरीत्या उपप्रक्रियांकडे संक्रमण झाल्यामुळे…"

"उमाकांत!" शालनताई खिडकीतून ओरडल्या. चाळीस वर्गांना गप्प केलेला तो आवाज. "मराठीत बोल! हत्ती कुठं आहे ते सांग!"

मी माइक जवळ ओढला. त्याचा कर्कश आवाजही प्रक्षेपित झाला, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं.

"हत्ती इथं नाही," मी म्हणालो. "रेडिओत हत्ती आलेला नाही. रेडिओ मी बंद पाडला. चूक माझी आहे. हत्ती देवकोंडच्या ओढ्यात आहे. ओढ्याच्या वाटेनं जाऊ नका. कारखान्यातल्या बायकांनो, ओढ्याच्या वाटेनं जाऊ नका. निघाला असाल तर मागं फिरा. आई, मागं फिर. हत्ती ओढ्यात आहे."

तेच मी पुन्हा म्हणालो. पुन्हा पुन्हा म्हणालो. मला थांबायची भीती वाटत होती. घशाला कोरड पडली तेव्हा शिपायानं दुखऱ्या अंगठ्यासकट पाण्याचा पेला पुढं केला.

नंतर कधीतरी खिडकीबाहेर हालचाल झाली. स्कूटीचा दिवा दिसला, हळूहळू येणारा. रेहाना स्कूटी चालवत नव्हती, ढकलत होती, आणि तिच्या मागून बायका चालत येत होत्या, डोईवर पदर, हातात जेवणाचे डबे. मी माइकसमोरून उठलो आणि खुर्चीत अडकून पडलो. खिडकीतून गर्दी हसली. इतकं चांगलं हसू मी पुन्हा कुठं ऐकलं नाही.

"फिरल्या होत्या," रेहाना धापा टाकत म्हणाली. "मी वळणावर पोचले तेव्हा परत येतच होत्या."

"म्हणजे त्यांनी ऐकलं!"

"ऐकलं. त्यांच्यातल्या सुमनताईच्या मोबाइलवर रेडिओ होता, कानात वायर घालून चालली होती." मग तिनं थर्मास उघडला आणि झाकणात चहा ओतून माझ्यापुढं धरला. कित्येक दिवसांनी.

शालनताई आत आल्या. मला वाटलं, आता नोकरी गेली. त्यांनी खोचलेला पदर सोडला, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "संगणक तुझा तू दुरुस्त कर. पण हत्तीची बातमी यापुढं माइकवरून थेट जाणार. आणि ती तू सांगायचीस."

"मी का, ताई? रेहाना चांगलं बोलते."

"रेहाना बोलली की लोक आवाज ऐकतात. तू बोललास की लोकांना खात्री पटते. एवढं वाईट बोलणारा माणूस खोटं कशाला सांगेल?"

लोक काही लगेच घरी गेले नाहीत. एवढी हलगी आणलीय, टेंभे पेटवलेत, ते वाया कसे जाऊ द्यायचे? त्यांनी बायकांना डांबरी रस्त्यानं वाजतगाजत घरी पोचवायचं ठरवलं. आम्ही सगळे त्या वरातीतून निघालो. मधूनच कुणीतरी माझ्या आवाजात "उपप्रक्रियांकडे संक्रमण!" म्हणायचं आणि हलगीवाला त्यावर ठेका धरायचा.

आई माझ्या बाजूनं चालत होती. मला वाटलं, कौतुक कसं करायचं ते तिला सुचत नसेल. शेवटी मीच विषय काढला.

"वेळेवर बोललो ना, आई?"

"व्हय," ती म्हणाली. "सुमननं कानातली एक वायर मला दिली हुती. म्हणली, उमाकांत बोलतोय बघ. मला बरं वाटलं."

"मग लगेच मागं फिरलात?"

"लगेच कुठलं? तू कायतरी परक्रिया, सामग्री म्हणालास. सुमन म्हणली, ह्यो असंच बोलतोय, चला. आम्ही चालतच हुतो. तू बोलतच हुतास, आन् आम्ही चालतच हुतो."

ओढ्याची वाट गावाजवळ डांबरी रस्त्याला येऊन मिळते तिथं वरात आली. टेंभ्यांच्या उजेडात डावीकडं ओढ्याची पायवाट झाडीत शिरताना दिसली. हलगी आपोआप मंदावली आणि सगळे जरा भराभर चालायला लागले.

"मग तू म्हणालास, चूक माझी हाय," आई म्हणाली. "तवा सगळ्या थांबल्या. तू असं कधी म्हणत न्हाईस, म्हणून थांबल्या. मग म्हणालास, हत्ती ओढ्यात हाय. तवा पुढं बघितलं."

"पुढं काय होतं?"

आईनं जेवणाचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"आधी वाटलं, वडाचा बुंधा हाय," ती म्हणाली. "मग त्यानं कान हलवला."